हातांना सुचलं नाही

अमरावती, ११ ऑगस्ट २०२५

ती. स्व. शेषरावमामांस,
करिश्माचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही स्पीकर लावता आणि इथे आईचे कान तिखट, म्हणून हे पत्र.

शुक्रवारी मुंबई-नागपूर विमान माझ्या हाती होतं. हाती कसलं, ऑटोपायलटच्याच. ढगात पडद्यावरचे वेगाचे आकडे गेले आणि ऑटोपायलट सुटला. अशा वेळी नाक ठरलेल्या अंशावर ठेवायचं, इंजिनाची ताकद ठरलेली, हात शांत. हे मला तोंडपाठ आहे. मामा, मला ते सुचलंच नाही. मी नाक वर ओढलं, ओढतच राहिले. वेग पडला आणि विमान थरथरायला लागलं. कॅप्टन मायामॅडमनी ताबा घेऊन नाक खाली दाबलं, म्हणून आज लिहिते आहे. उडताना-उतरताना चार मिनिटं हात लावायचा, बाकी सगळं कळ दाबून. आणि मी स्वतःला वैमानिक म्हणवत होते.

आता अहवाल द्यायचाय. नाक उचललं हे यंत्रात नोंदलंय. मला सुचलं नाही, हे मी लिहिलं तरच कळेल. ढगात झटका बसला असं लिहिलं तर निभावेल कदाचित. काय करू? आईला मात्र कळू देऊ नका.

तुमची,
करिश्मा

जुने शहर, अकोला, १४ ऑगस्ट

चि. करिश्मास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि दुकानातल्या फुलांवर पाणी मारायचंही सुधरलं नाही. पोरी, तुझी आई त्याच विमानात होती. मुंबईहून तुझ्या भावाकडून, योगेशकडून परतताना तुला चकित करायचं म्हणून तिकीट मीच काढून दिलं. पण विमान फारच हादरलं. ती आत होती हे कळून तू धसका घेशील म्हणून ती नागपूरहून गुपचूप निघाली आणि मुंबईहून रेल्वेनेच बडनेऱ्याला उतरल्याचं तुला सांगितलं. मला म्हणाली, पोरगी होती म्हणून वाचलो. मी शहाण्याने गल्लीभर पेढे वाटले.

मला विमानातलं ओ की ठो कळत नाही. पण आधी तिला सांग, मग कागदाला हात लाव.

तुझा मामा,
शेषराव

अमरावती, १७ ऑगस्ट

ती. स्व. मामांस सा. न.

आईला सगळं सांगितलं. ती खाली बसली. मला वाटलं रडेल किंवा जवळ घेईल. पण ती म्हणाली, "माह्या बाजूले तान्हं लेकरू घेऊन एक बाई होती. तिले तू कोन होय, मालूम नोतं. तिले जे सांगशील, ते लिही."

मला सुचलं नाही, तेच लिहून पाठवलंय. हाताने उडवून दाखवेपर्यंत कंपनी मला विमान देणार नाही. मामींना नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
करिश्मा