अनुत्पादक खर्च

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. विचारवंतांच्या रोजनिश्या मागाहून लोकांच्या हाती लागतात, त्यामुळे अक्षर नीट काढायचं.

मी कैलास झोटिंग, वय एकावन्न, संचालक, नागरी धोरण अभ्यास कक्ष. कक्ष आमच्या नगरपंचायतीचा. मानधन, खोली, कूलर, बाहेरगावी जायला गाडी, सगळं तिचंच. विचार मात्र माझे स्वतःचे.

सध्याचा विचार करकपात. घरपट्टी निम्मी करायचं अध्यक्ष अन्नपूर्णाबाईंच्या मनात आहे. मी जाहीर पाठिंबा दिला. कर म्हणजे कष्टकऱ्याच्या खिशात घातलेला सरकारी हात! (वाक्य चांगलं जमलं. वापरायचं.) एप्रिलपर्यंत नागपूरच्या चॅनेलवर दिसायचंच. उद्यापासून पहाटे पाचला उठून वाचन.

३ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
उठलो. थंडी होती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
वर्ध्याला काजल नावाच्या मुलीच्या यूट्यूब चॅनेलवर चर्चा. माझ्याविरुद्ध प्रा. नागसेन थूल. ते अनुदानित कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात आणि कर कमी करायला त्यांचा कडाडून विरोध. पगारच करातून येतो, विरोध राहणारच. अशी माणसं तटस्थ कशी असणार?

दोघंही कक्षाच्याच गाडीतून गेलो. देवळीला थांबून कोथिंबिरीची सांबारवडी खाल्ली. ड्रायव्हर पुनाजी म्हणाला, "दोघंई एका गाडीत जाता, एका प्लेटीत खाता, मंग तिथं भांडता काऊन?" त्याला लोकशाही समजावली. त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि माझी उरलेली वडी खाल्ली.

थूल सर ड्यूटी लीव्हवर, म्हणजे भरपगारी रजेवर, आले होते. ते मी चॅनेलवर काढायचं नाही आणि गाडीचं त्यांनी काढायचं नाही, असं वाटेतच ठरलं. मग चर्चा फार निर्भीड झाली.

७ फेब्रुवारी
व्ह्यूज त्रेचाळीस. त्यातले अकरा माझे. पण प्रेक्षक दर्जेदार वाटतो.

बायकोने, शकुंतलेने, व्हिडिओ अर्धाच पाहिला. म्हणते, "घरपट्टी तं मी भरतो, ब्लाऊज शिवून. मले काऊन नाई बोलावलं चर्चेले?" तिला सांगितलं की प्रत्यक्ष भरणाऱ्याला प्रश्नाकडे अंतर ठेवून पाहता येत नाही, त्याला अभ्यासक लागतो. ती म्हणाली, अंतर तं तुमी चांगलंच ठेवलं. यात कौतुक किती होतं ते कळलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सभागृहात जाहीर चर्चा. सकाळी अकराची वेळ. मी सव्वाबाराला पोचलो, मुख्य वक्त्याने एवढं करावंच लागतं. हॉल भरलेला. (चहा होता.)

भाषण ऐतिहासिक झालं. मी म्हणालो, "जो विभाग वर्षभरात काय केलं हे एका पानावर सांगू शकत नाही, तो अनुत्पादक खर्च! तो बंद करा आणि जनतेचा पैसा जनतेला द्या!" टाळ्या. थूल सरांनीही वाजवल्या, मग विरोधक असल्याचं आठवून थांबले.

शेवटी एक गालबोट. रुपा नावाची सफाई कामगार उठली, कंत्राटी आहे. विचारते, "कर कमी झाला तं पहिले आमाले काढान का? मी पाचले येतो, बाजाराची नाली साफ करतो. तुमी किती वाजता येता, सर?" लोक उगाच हसले. मी म्हणालो, प्रश्न व्यक्तिगत आहे, आपण धोरणावर बोलू. ती म्हणाली, "पोट व्यक्तिगतच रायते न सर," आणि खाली बसली. या बाईंना सार्वजनिक वित्त या विषयावर एक पुस्तिका द्यायला हवी. पुस्तिका लिहायला घ्यायची.

२७ फेब्रुवारी
अध्यक्षांचा फोन. माझं भाषण त्यांनी टाईप करून घेतलंय, ठरावात माझं वाक्य जसंच्या तसं येणार! प्रत्येक विभागाकडून एक पान मागवणार आहेत. मी म्हणालो, मॅडम, कोणाचाही मुलाहिजा ठेवू नका. त्या म्हणाल्या, तुमच्यामुळेच धीर आला.

शकुंतलेला सांगितलं. ती म्हणाली, "तुमालेई पान द्या लागन न?" मी हसलो.

५ मार्च, गुरुवार
आज पान द्यायचं. एका पानात मावणं कठीण. नाव आणि पद मोठ्या टायपात घेतलं. परिसंवाद दोन : एकाचं उद्घाटन झालं, एक पुढे ढकलला. चर्चासत्रांत सहभाग. पुस्तिका प्रस्तावित. खाली अर्धं पान उरलं, तिथे कक्षाचा फोटो टाकला. फोटोत कूलर छान आला आहे.

१२ मार्च, गुरुवार
खास सभा. घरपट्टी निम्मी, एकमताने.

पाणी, दिवाबत्ती कायम. सफाईतर्फे रुपा आली होती, पान तिने लिहून आणलंच नव्हतं. उभी राहून गल्लीगल्लीचं नाव घेत गेली, सोमवारी कुठं, मंगळवारी कुठं. रविवारपर्यंत पोचली. सफाई कायम.

मग अन्नपूर्णाबाईंनी माझं वाक्य वाचलं. "जो विभाग वर्षभरात काय केलं..." वाक्य माझं असल्यामुळे पहिली टाळी सवयीने मीच वाजवली. त्यानंतर त्यांनी अभ्यास कक्ष १ एप्रिलपासून बंद केल्याचं वाचलं. माझा हात हवेतच होता.

बाहेर पुनाजी भेटला. त्याला आता पाण्याच्या टँकरवर घेतलंय. म्हणाला, "सर, आजच्या दिवस सोडून देतो घरी." मागच्या सीटवर बसलो. घरी त्याने दार उघडून दिलं, त्यामुळे जास्तच राग आला.

१४ मार्च
सखोल फेरविचार केला. लेख लिहिला : 'करवाढ, काळाची गरज'. काजलला फोन केला. ती म्हणाली, सर, मागच्या महिन्यातला तुमचा व्हिडिओ आहे ना आपल्याकडे. मी म्हणालो, विचार विकसित होतात. ती म्हणाली, मग एकाच वेळी दोन्ही लावू, तुम्ही विरुद्ध तुम्ही. व्ह्यूज चांगले येतील म्हणे. विचार करून कळवतो म्हणालो.

१९ मार्च
कक्ष वाचवण्यासाठी सह्यांची मोहीम. उन्हात तीन तास फिरलो. नऊ सह्या. त्यातल्या चौघांना हा नळ कनेक्शनचा अर्ज वाटला. शकुंतलेने पेनच हातात घेतलं नाही. म्हणाली, वाचलेल्या पैशात मी मशीनले मोटर बसवून राह्यली, तुमच्यासाठी पायानं चालवू का?

थूल सरांनी सही केली. संध्याकाळी घरी येऊन खोडली. सरळ म्हणाले, "कैलासराव, एक पान आमच्याकडेही मागितलं तर? मी दोन वर्षं त्याच जुन्या नोट्स वाचून राह्यलो." मग दोघंही बराच वेळ शेवचिवडा खात बसलो. एकदाही भांडण झालं नाही.

३१ मार्च, मंगळवार
खोली ताब्यात द्यायची होती. ती आता सफाईच्या बायांना हजेरीसाठी आणि कपडे बदलायला मिळाली. इतकी वर्षं त्या बाजाराच्या मागे, भिंतीच्या आडोशाला बदलत होत्या. हे मला ठाऊक नव्हतं. खोलीपासून ती भिंत चाळीस पावलांवर आहे.

रुपा आणि दोघीजणी गमबूट, हातमोजे घेऊन आल्या. मी खुर्चीत बसलो होतो. वाटलं, आता बोलेल. पण तिने थर्मासमधून चहा ओतून आधी मला दिला. "बसा सर, घाई नाई."

मग म्हणाली, "मले खरंच माईत नाई म्हणून विचारतो. तुमी इथं काय करत होते?"

चेष्टा नव्हती. खरंच विचारत होती. तिचा चहा संपेपर्यंत ती थांबली. नंतर कप विसळला, पदर खोचला आणि तिघी खोली झाडायला लागल्या.

मी पाय वर घेतले.