डावीकडचा खिसा

१५ जानेवारी १९८४, रविवार
शाळेतल्या एका बाईंच्या भाचीचे लग्न, जयगडला. जेवणे झाल्यावर कंटाळून बंदराकडे गेले. एका पडवीत पन्नाशीची बाई काहीतरी शिवत बसलेली. अंगात बिनबाह्यांची बंडी. रंग तांबूस, मध्येच काळपट, पाहतच राहिले. कुठून घेतली विचारले.
"घेतेय कुठली? जुन्या शिडाची हाय. मीच केली."
मंजुळाकाकी नाव. पूर्वी गावची सुती जाळी नि होड्यांची शिडे ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळून रंगवायची. आता जाळी नायलॉनची, होड्यांना इंजिन. ते काम गेले. टाकून दिलेली शिडे उचलून आणते, पुन्हा रंगवते, बंड्या नि पिशव्या शिवते. सात-आठ दाखवल्या. दोन सारख्या नाहीत.
चौदा वर्षे शाळेत शिवण शिकवतेय. झबली, परकर, काजे. कापडाकडे असे कधी पाहिले होते?
माझ्यासाठी एक शिवायला सांगितली. माप घेतलेच नाही तिने. चहा दिला आणि नुसती बघत बसली.

५ फेब्रुवारी
बंडी मिळाली. अंगाला बरोबर. खिसा एकच, कमरेशी, तोही डावीकडे.
"तू डावखुरी ना गो बाय? चाय डाव्या हातानं घेतलीस."
या हातावर आईने किती पट्ट्या मारल्या. फळ्यावर अजून उजव्यानेच लिहिते. आणि हिने पहिल्याच भेटीत त्या हातासाठी खिसा लावून ठेवला. तिच्यापुढेच रडू आले. ती फक्त म्हावरे घेऊन जा म्हणाली.

२ मार्च
बंडी घालून शाळेत. मोठ्या बाई: "सुमनबाई, पोतं बरं मिळालं!" सगळ्या हसल्या. मीही हसले. मधल्या सुट्टीत काढून पिशवीत कोंबली.
मी का हसले?

६ मे
दादा नि शोभावहिनी मुंबईहून आलेत, आंबे खायला. वहिनीचे दादरला तयार कपड्यांचे दुकान. बंडी दोरीवर वाळत होती. वहिनीने उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली.
"सुमन, तू शिवलीस? तुझ्यात हे असेल असं वाटलं नव्हतं गं."
मंजुळाकाकीने शिवली, एवढेच म्हणायचे होते. ओठांवर आले होते. पण दादा असा कौतुकाने बघत होता, आजवर कधी त्याने…

११ मे
गेले दोघे. बंडी वहिनीने नेली, नमुना म्हणून. मं.काकीचे नाव सांगायचे राहिले. राहिले कसले, सांगितले नाही.

१० जून
काकीला म्हटले, मुंबईचे दुकान तुमच्या बंड्या घेईल. वहिनी फक्त "बघते" म्हणाली होती. 'घेईल' हे माझे. काकीने शेजारच्या दोघींना मदतीला घेतले.
"त्यांना लिव, घालनारा मानूस बघितल्याबिगर मला कळत न्हाय. फोटू तरी पाठवा म्हनावं."
लिहिते म्हटले. असे पत्र वहिनीला कसे लिहू?

२९ जुलै
बारा तयार. उन्हाचा पत्ता नाही, चुलीवर दोरी बांधून कापड वाळवले तिघींनी. काकीच्या हातांचा रंग निघत नाही आता. वहिनीला तीन पत्रे टाकली. उत्तर नाही.

१४ ऑगस्ट
उत्तर आले, सोबत पार्सल. वहिनीने बंडी एका कारखानदाराला दाखवली. त्याने ती उसवून तुकड्यांवरून बेतायचा कागदी नमुना काढला. आता टेरिकॉटमध्ये निघतात, ऐनाच्या रंगाची छपाई करून. खूप उठाव आहे म्हणे. "नणंदेचं डिझाइन म्हणून सांगितलंय मी त्याला. एक नग तुला पाठवतेय." माझ्या बंडीचे तुकडे झाले, ते कोणी ठेवले नाहीत.
पार्सल कपाटात, साड्यांखाली.
'नणंदेचं डिझाइन' वाचून क्षणभर छाती फुगली होती. लिहून ठेवते. उद्या मीच नाकबूल होईन.

२६ ऑगस्ट
मागच्या रविवारी जयगडला गेले नाही. आजही नाही. आईला सांगितले, डोके दुखतेय.

९ सप्टेंबर
गेले शेवटी. सांगायचेच, असे ठरवून.
काकीचा पुतण्या मुंबईहून गणपतीला आलाय, गिरणीत आहे. अंगात तसलीच टेरिकॉटची बंडी. काकीने त्याला ओट्यावर उभा करून ठेवला होता.
"बाय, हा उजव्या हाताचा. मग खिसा डावीकडं कसा?"
पुतण्या हसून म्हणाला, "सगळ्यांना तिकडंच असतो, काकी. फॅशन हाय ती."
काकीने माझ्याकडे पाहिले. माझ्या डाव्या हाताकडे. सांगायचे तसेच राहिले. पायऱ्या कशी उतरले आठवत नाही.

२८ सप्टेंबर
मासळीबाजारात जयगडची एक बाई भेटली. म्हणाली, मंजुळा आता कोळंबी सोलायला जाते, त्या दोघीही. बारा बंड्या गोणीत बांधून माळ्यावर टाकल्यात.
शाळेत आज खिसा शिकवायचा होता. मुली कापड घेऊन तयार. "बाई, कुठं लावायचा?" मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तास संपेपर्यंत.
मी तिला शोधले नसते तर ती अजून पडवीत शिवत बसली असती. दुसरे काही सुचत नाही.

१४ ऑक्टोबर
जयगड. सगळे सांगितले. वहिनीने विचारले तेव्हा गप्प बसले, तेही. पत्र वाचून बरे वाटले होते, तेही. काकी कोळंबीने सोललेल्या बोटांना तेल लावत ऐकत होती.
"आनलीस काय ती?"
पार्सलातली बंडी पिशवीत होती. दिली. शिवणीवरून बोट फिरवत ती खांद्यापर्यंत गेली, तिथे थांबली.
"माझी हितं वढायची. ह्यानं काढलान ती खोड."
शिव्या दिल्या असत्या तर सोपे झाले असते.
मग म्हणाली, "तुला येतंय काय गो असं काय करायला?"
"नाही," म्हटले. "येत नाही मला."
मान हलवली तिने. बंडी मांडीवरच होती, परत दिली नाही. मीही मागितली नाही. शेवटची एस.टी. चुकली असती, उठले. पुढच्या रविवारी येऊ का, विचारायचे होते. नाही विचारले. म्हणजे ती अजून नको म्हणालेली नाही.