चौथ्या रकान्यातील दात

अमरावती,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६१

गुडघा धरलेला असूनही अकोल्यात सर्वांहून ताठ चालणारे आमचे वडील साडू राजमान्य भगवंतराव यांस, खुशालराव याचा सौ. सुभद्रेसह नमस्कार पोहोचावा.

आपला गुडघा कसा आहे? करंजाच्या तेलाने चांगला उतार पडला, असे आपण मागील पत्रात लिहिले होते. आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर, तेल लावणे पंधरा दिवसांपूर्वीच सोडले, असेही लिहिले होते. ही दोन विधाने एकत्र नांदू शकतात काय, याचा मी विचार केला, व नांदू शकतात असा निर्णय करून आपल्याला संशयाचा फायदा दिला. सौ. शकुनबाईंचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. हे पत्र केवळ आपल्या उभयतांच्या कुशलासाठी आहे. (माझ्या पत्रांतील खरी गोष्ट नेहमी तळाशी सापडते, असे शकुनबाई म्हणतात, हे माझ्या कानी आले आहे. आरोपाला पुरावा नसल्यामुळे मी तो अमान्य करतो.)

कुशल विचारून झाले. आता कागद उरला आहे म्हणून इकडील वर्तमान लिहितो. माझे जुने विद्यार्थी देवीदास हे येथे डॉक्टर आहेत, हे आपल्याला ठाऊकच आहे. (ते तर्कशास्त्रात दोनदा नापास झाले, आणि दोन्ही वेळा मीच केले. आज लोक त्यांच्या एका अनुमानावर आपला जीव सोपवतात. माझ्या अनुमानावर बाजारात कोणी वांगीही घेत नाही.) त्यांनी लहान मुलांच्या तोंडाच्या रोगांची पाहणी आरंभली आहे. हिरड्या कोणत्या वयात सुजतात, दाढा कोणत्या वयात किडतात, खाण्याशी त्याचा संबंध काय, हे गावोगावच्या मुलांची तोंडे पाहून ठरवायचे, असा त्यांचा संकल्प आहे. त्यासाठी त्यांनी इंग्रजीत एक तक्ता केला होता. त्याचे मराठी करून तो वलगावात भरून आणणारा कोणी हवा होता. माझा जन्म वलगावातला, भाजीपाल्याच्या मळ्यातला; आणि मराठी तर मी तीस वर्षे दुसऱ्यांची दुरुस्त करीत आलो. तेव्हा या कामाला माझ्याहून योग्य मनुष्य नाही, असे सिद्ध करून मी ते मागून घेतले. सिद्ध करताना समोर प्रतिपक्ष कोणीच नव्हता, हे आता आठवते.

तक्त्याचा चौथा रकाना असा होता की, मुलाचा एखादा दात कधी मुळासकट बाहेर काढावा लागला काय. देवीदासांची सूचना, 'दात उपटला काय' असे लिहावे, अशी होती. मी ती फेटाळली. उपटणे हे क्रियापद गवताला आणि तुरीच्या झाडाला शोभते, मनुष्याच्या मुखाला नव्हे, असे मी त्यांना पाऊण तास समजावले. शेवटी त्यांना दवाखान्यात रोगी पाहायचे होते, म्हणून ते पटल्यासारखे करून उठले. मी 'दात काढतो काय?' अशी सुटसुटीत व सभ्य शब्दयोजना केली. (पाचव्या रकान्यात तोंड येण्याला मी 'मुखपाक' हा शुद्ध शब्द घातला होता. 'मुखपाक आहे काय?' असे पहिल्याच घरी विचारले तेव्हा तानुबाई म्हणाल्या, "पाक त नाई जी, गूळ हाये. देऊ का?" मी गूळ घेतला आणि रकाना रिकामा ठेवला. येथेच शहाणे व्हायला हवे होते.)

तपासणीचे साहित्य म्हणून माझ्याजवळ एक हातबत्ती, एक आरसा, आणि जीभ दाबण्यासाठी आमच्या देवघरातली पळी होती. मारुतीच्या पारावर बसून मी दोन दिवसांत एकेचाळीस मुले पाहिली. चौथ्या रकान्याची उत्तरे ऐकून मी थक्क झालो. तानुबाईंना दोन मुलगे. त्यांच्याविषयी त्या म्हणाल्या, "हौ जी, दोघंबी काढतेत. दिवसभर काढून राह्यतेत. बापावर गेले." दात कोण काढतो, असे मी विचारले. "कोन काढन जी? आपलं आपनच काढतेत." मुलाला त्रास होतो काय? "पोट्ट्याले कायचा तरास? तरास आमालेच होते." काढण्याला निमित्त काय होते? यावर त्यांनी विचार केला व म्हणाल्या, "निमित्त लागतच नाई. परवा बकरी पाह्यली त काढले."

मी लिहिले: स्वहस्ते काढतात, वेदना नाही, पालकांस क्लेश, आनुवंशिकता संभवते, निमित्त, बकरी.

माझ्या बाजूने एवढेच म्हणतो की, मी केवळ ऐकीव शब्दावर विसंबलो नाही. प्रत्येक तोंडात बत्ती लावून पाहिले, आणि सहा-सात वर्षांच्या बहुतेक मुलांचे समोरचे दोन-दोन दात खरोखरच जागेवर नव्हते! दुधाचे दात या वयात पडतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण हाती भरायला तक्ता असला म्हणजे मनुष्याला तक्त्यात मावेल तेवढेच ठाऊक राहते. एका आठ महिन्यांच्या बालकाची आई म्हणाली, "आत्ताच काढून राह्यला," तर मी त्याचेही नाव घातले, व 'अतिबाल्यातही आढळ' असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकेचाळिसांपैकी चाळीस मुले दात काढणारी निघाली.

उरली ती एकटी कौशल्या. ही माझा चुलत पुतण्या नत्थुजी याची मुलगी, वय वर्षे नऊ. तिची आई पार्बताबाई म्हणाली, "हे एकटी नाई काढत जी. आंधी लय काढे. दोन महिन्यांपासून एक डाव नाई." मला फार संतोष झाला. संबंध गावात एक तरी मुलगी आपल्या दातांचा मान ठेवते! ती तोंड मिटून, मान खाली घालून उभी होती. मी तो विनय मानला. पळी पुढे केली तर तिने डोके मागे घेतले. मी ती लज्जा मानली. निरोगी मुखाची तपासणी करणे निरर्थक, असे ठरवून मी ते तोंड उघडलेच नाही. तक्त्यावर लिहिले, 'पूर्ण निरोगी, आदर्श'. तसाच एक कागद माझ्या सहीनिशी नत्थुजीला दिला आणि कौशल्येला बक्षीस म्हणून खडीसाखरेचा मोठा खडा. तो तिने मुठीत धरला. जाता जाता पाहिले, तर ती तो बकरीला चारीत होती. बकरीचा संबंध पुन्हा आला, याची मी नोंद घेतली.

घरी येऊन मी सोळा पानांचा निबंध लिहिला. वलगावची मुले बकऱ्यांच्या सान्निध्यात आपले दात आपण काढतात, असा त्याचा सिद्धांत होता, व शंका आणि त्यांची निरसने मिळून नऊ होती. देवीदासांनी तो वाचला. मनुष्य सभ्य, चेहरा हलू दिला नाही. "गुरुजी, आपण एकदा सोबत जाऊ," एवढेच म्हणाले.

आम्ही गेलो. देवीदासांनी तानुबाईंना सरळ विचारले की, दात कसे काढतात ते दाखवा. तानुबाईंनी आपल्या धाकट्याला बगलेत गुदगुल्या केल्या. पोरगा खदाखदा हसू लागला. "हे पाहा, काढले!" त्या म्हणाल्या.

भगवंतराव, एकाच शब्दाचे दोन अर्थ असता बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ धरून बसणे, याला शास्त्रात वाक्छल म्हणतात. हा दोष मी तीस वर्षे शिकवला. तो ओळखता आला नाही म्हणून देवीदासांना नापास केले. आणि दात काढणे म्हणजे हसणे, हे मला शाळेने नव्हे, वलगावातच माझ्या आईने शिकवले होते. "काहून दात काढून राह्यला रे?" हे वाक्य ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. पुढे मी हसण्याला 'हास्य करणे' लिहू लागलो, आणि आईची बोली इतकी स्वच्छ धुतली की तीत कापड उरले नाही. पारावर तेव्हा चाळीस पोरे, त्यांच्या आया, आणि मला वाटते मारुतीही, दात काढीत होते. एका म्हाताऱ्याने मला विचारले, "गुर्जी, बकरीले बोलवू का?"

त्या गर्दीत देवीदास मात्र एकीकडेच पाहत होते. सगळे गाव हसत असता कौशल्या तेवढी हसत नव्हती. पदराचे टोक गालावर दाबून उभी होती. ते तिच्याजवळ जाऊन बसले व त्यांनी पदर हलकेच बाजूला केला. गाल सुजलेला होता. तोंड बोटभर उघडले तेव्हा खालची दाढ मुळापर्यंत किडलेली, हिरडीत पू. दोन महिने ती पोर एका बाजूने कण्या गिळीत होती, आणि दुखते म्हणून हसायचे सोडून बसली होती. माझ्या तक्त्यात एकेचाळीस मुलांत एकच मूल रोगी होते. आणि तेवढ्यालाच मी निरोगी लिहिले होते. (इतकी अचूक चूक करायला खरोखर विद्वत्ता लागते.) पू जबड्याच्या हाडात उतरण्यापूर्वी दाढ काढली पाहिजे, आठवड्याहून अधिक थांबणे धोक्याचे, असे देवीदास म्हणाले.

यावर नत्थुजीने घरी जाऊन माझा कागद आणला. "काकाजीनं लिवून देल्लं, पूर्न निरोगी हाये. सही हाये त्याइची. आता कायले न्याचं?" मी म्हणालो, तो कागद चुकीचा आहे. तो म्हणाला, "मंग आज म्हनता तेबी चुकीचं असन." हा आक्षेप मी सर्व बाजूंनी तपासला; त्यात दोष सापडला नाही. शेवटी मी तो कागद घेतला, पारावर उभा राहिलो, आणि सर्वांच्या देखत म्हणालो, "मी चुकलो. पोरीचं तोंड न पाहताच लिहिलं." तीस वर्षांच्या वादात हे वाक्य मी प्रतिपक्षाकडून पुष्कळदा वदवले होते; स्वतः उच्चारल्यावर ते फार लहान आहे असे आढळले. कागद फाडला. नत्थुजी मुलीच्या गालाकडे पाहून "न्या," म्हणाला.

परंतु कौशल्येने तोंड घट्ट मिटले. पळीला भिते, चिमट्याला भिते, डॉक्टरला तर फारच. पार्बताबाईने विनवले, देवीदासांनी समजावले. मग ओठ न हलवता ती बोलली, "आंधी आबाजीनं तोंड उघडाव. मी पाह्यीन. मंग."

आबाजी म्हणजे मी. न्याय्य मागणी होती. मी पारावर बसलो, पळी तिच्या हाती दिली, बत्ती नत्थुजीने धरली. तिने पुष्कळ वेळ, माझ्याहून कितीतरी अधिक काळजीने पाहिले. तिला काय दिसले, हा या पत्राचा विषय नाही. त्यानंतर ती यायला तयार झाली, एवढे पुरे.

इकडे सर्व क्षेम. गुडघ्यास तेल लावावे, अथवा न लावता उतार पडल्याचे लिहीत जावे. सुभद्रेने शकुनबाईंस नमस्कार सांगितला आहे. (पळी देवाला पुन्हा लावायची नाही, असेही तिने सांगितले आहे, ते मला.)

आपला,
खुशालराव

ता. क. देवीदासांचे सहाध्यायी रामराव दंतवैद्य, ज्यांची पाटी आपल्या ओट्यावरून दिसते, यांनी तारेने येत्या गुरुवारची वेळ दिली आहे. तरी बुधवारी पार्बताबाई, कौशल्या व तिच्या सोबतीला मी, असे तिघे बडनेऱ्याहून गाडीने येऊन आपल्याकडे आठ दिवस राहू. भाकर नको, मऊ कण्या, ताक व मुगाचे पातळ वरण असावे. शकुनबाईंना म्हणावे, खरी गोष्ट तळाशी नाही. तळ अजून पुढे आहे.

आणखी ता. क. वर 'तिच्या सोबतीला मी' असे लिहिले, ते तपासून पाहता टिकत नाही. वस्तुतः माझ्या सोबतीला ती आहे. वैद्याच्या खुर्चीत आधी मी बसायचे, असा तिचा करार आहे. माझ्या दोन दाढा गेल्या, दोन जाण्याच्या वाटेवर आहेत, आणि समोरचा एक अर्धा. अकरा वर्षे मी हसलो नाही. लोकांनी ते तर्कशास्त्राचे गांभीर्य मानले, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मऊ कण्या दोन पानांवर वाढाव्यात.

शेवटचे ता. क. पळी खाली ठेवून कौशल्या काय म्हणाली, हे सुभद्रेच्या आग्रहाने लिहितो. ती म्हणाली, "आबाजी, तुमी बी काहून दात काढत नाई, ते समजलं मले." हे ऐकून माझा तोल गेला, आणि मला पाहून, गाल हाताने धरून, 'आई गं' म्हणत म्हणत, तिचाही. देवीदासांच्या आज्ञेवरून तक्ता पुन्हा भरतो आहे. त्यात बेचाळिसावे नाव माझे घातले. वय एकसष्ट. चौथा रकाना: अकरा वर्षांनी काल काढले, येत्या गुरुवारी आणखी दोन काढायचे आहेत. या नोंदीत शब्द एक व अर्थ दोन आहेत, असा आक्षेप देवीदास घेतील. घेतला, तर या वेळी त्यांना उत्तीर्ण करीन.