एमेटच्या मागावर न उतरल्याबद्दल

तीर्थरूप सॉल्वेगताईस,

धाकट्या हाल्वोरचा नमस्कार. वाकून करायचा होता, पण उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला आहे, तेव्हा तो बसल्या बसल्याच मान्य करून घ्यावा. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींनी यंदा तरी छतावर चढून बर्फ लोटायचं सोडलं का? मी बरा आहे. विमान बरं नाही.

रेडिओवर काही कानावर आलं असेल तर ते डोक्यातून काढून टाक. विमान ‘कोसळलं’ नाही. कोसळायला उंची लागते. मी तळ्यावर रीतसर उतरलो होतो, चाकांऐवजी लावलेल्या दोन्ही स्की बर्फाला टेकल्या होत्या, आणि मगच विमानाने नाक खाली घातलं. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो समजून न घेता बोलणाऱ्यांनीच अलास्काचं वाटोळं केलं आहे.

मॅट्रोना तुला ठाऊक आहे. शाळेतून निवृत्त होऊन तळ्याकाठच्या लाकडी घरात एकटी राहते. मी तिला लग्नाचं विचारलं आहे, हेही तुला ठाऊक आहे. एमेट रस्कनेही विचारलं आहे, हे मी तुला कळवलं नव्हतं, कारण ते नाव लिहिताना अक्षर बिघडतं. तळ्यावरचं बर्फ फुटेल तेव्हा उत्तर देईन, असं तिने दोघांनाही सांगितलं, आणि तोवर दर रविवारी ती दोघांना एकाच टेबलावर जेवायला बसवते. मी सरकारच्या नव्या धरणाविरुद्ध बोलतो, माणसाच्या स्वातंत्र्यावर बोलतो, रोमन लोक का बुडाले ते सांगतो. एमेट बोलत नाही. तो खातो, आणि ‘अजून थोडं वाढ’ म्हणतो. ताई, भर सभेत धरणवाल्यांची तोंडं बंद करणारा मी, आणि ही बाई खूश होते ती ‘अजून थोडं’वर!

तर त्या रविवारी तळ्यावर घिरटी घातली आणि खाली एमेटच्या विमानाच्या स्कींचा माग दिसला. पट्टीने आखल्यासारख्या दोन रेषा, थेट तिच्या दारापर्यंत. दाबून घट्ट झालेल्या अशा मागावर उतरावं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण ताई, तो माग करडा होता, गोठलेला होता. ताजा माग निळसर दिसतो. म्हणजे हा कालचा होता. आमंत्रण रविवारचं, आणि हा गृहस्थ शनिवारीच हजर! (चुलीचं धुराडं दुरुस्त करायला आला होता म्हणे. धुराडी शनिवारीच कशी तुंबतात, हे मला कोणी समजावून सांगावं.)

माझं रक्त उसळलं. दुसऱ्याने आखून दिलेल्या रेषेवर निमूट चालणाऱ्यांनी आजवर जगाचं काय भलं केलं, असा सवाल मी तिथल्या तिथे टाकला. (विमानात एकटाच होतो. तरी विरोध कोणी केला नाही.) आणि त्याच्या मागाच्या शेजारी, कोऱ्या बर्फावर, स्वतःची वाट पाडत उतरलो. खरं तर आधी स्की नुसत्या घासत न्यायच्या, पुन्हा वर उठायचं, आणि रेघ काळी पडते का ते बघायचं. काळी पडली तर भुसभुशीत बर्फाखाली चोरपाणी आहे, उतरायचं नाही. पण मॅट्रोना खिडकीत उभी होती, आणि एक चक्कर जास्त मारली तर माणूस घाबरलेला दिसतो.

चोरपाणी होतं. स्की रुतल्या, शेपूट आभाळात गेलं, नाकावरच्या पंख्याची पाती वाकली, आणि मी पट्ट्यात लोंबकळत राहिलो. एमेट तिच्या घरातून निघून पाण्यातून फसक फसक करत आला.

“हाल्वोर, माग दिसला नाही का?”

“दिसला.”

“मग?”

“तुझा होता.”

त्याने थोडा विचार केला. “बरं,” म्हणाला, “पाय वर घे, बूट भिजतील.” पाणी तोवर गुडघ्यापर्यंत आलं होतं.

मग त्याने स्प्रूसच्या झाडांचे वासे तोडले, विमान सरळ केलं, आणि स्की गोठून बसायच्या आत वर काढून त्यांच्याखाली फांद्या घातल्या. मी ओसरीवरून तरफेचं तत्त्व समजावून सांगत होतो. मॅट्रोना म्हणाली, “तो काम करतोय ना, तू नुसता श्वास घे.”

तेव्हापासून मी तिच्याकडेच आहे. मूस हरणाच्या मटणाचा रस्सा आहे, ऊब आहे, आणि एमेट समोर नाही. मी बोलतो, ती विणते. काल तर तिने मानही हलवली. (टाके मोजत असावी.) एमेट जाताना माझ्या पंख्याचं माप घेऊन गेला, लवकरात लवकर दुसरा शोधतो म्हणाला. लोक याला चांगुलपणा म्हणतात. मला इथून हलवायची ती घाई मी बरोबर ओळखली; त्याच्या जागी मीही तीच केली असती.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवायची तसदी घेऊ नकोस.

तुझा,
हाल्वोर

ता. क. मी मागवलेला नवा पंखा तुमच्या अँकरेजच्या दुकानात आला असेल आणि ते तुला फोन करतील. पाठवू नकोस. माप चुकलं म्हण, तुझी कंबर धरली म्हण, काहीही म्हण, पण बर्फ फुटेपर्यंत तो तिथेच राहू दे. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच.

ता. क. दुसरा. टपालाचं विमान अजून आलेलं नाही, तोवर हे घडलं. आज सकाळी एमेट उसना पंखा विमानाच्या पोटाखाली बांधून आला. रात्रीच्या वाऱ्याने त्याचा माग बुजला होता. मी आणि मॅट्रोना खिडकीशी न्याहारीला बसलेलो त्याला वरून दिसलो असणार, कारण त्यानेही स्की घासून पाहिल्या नाहीत. आता त्याचा पंखा वाकला आहे, माझ्यासाठी आणलेलाही वाकला आहे, आणि तो माझ्यासमोर गरम पाण्यात पाय बुडवून बसला आहे.

ता. क. तिसरा. मॅट्रोना बर्फगाडीवर सामान लादून गावात बहिणीकडे गेली. दारात म्हणाली, “उत्तर हवंय ना तुम्हाला? तुम्ही दोघं माझ्या घरातून गेलात की देईन.” ताई, पहिला ता. क. खोडून टाक. ताबडतोब दोन पंखे पाठव. पण माझा या गुरुवारच्या विमानाने पाठव, आणि त्याचा पुढच्या.