विहिरीचा प्रसंग

अकोला, ३ जुलै २०२४
प्रिय सीमाताई,
सा. न. वि. वि.
पटकथेची शेवटची बत्तीस पानं पाठवतो आहे. सोमवारपर्यंत टाइप कर. नऊ वर्षांपूर्वी झेंडू घेऊन कौंडण्यपूरच्या जत्रेला गेले ते परतलेच नाहीत, ते आपले बाबा मी यात घेतले आहेत. त्यांचं काय झालं ते मला सांगायचं नव्हतं. दिग्दर्शक म्हणाले, प्रेक्षकाला दोन तास टांगून ठेवलं तर प्रेत दाखवावंच लागेल. म्हणून विहिरीचा प्रसंग लिहिला. खरी नावं घातल्याशिवाय माझ्याच्यानं भीती लिहवत नाही. बाबांच्या शालिकराम नावाचं चंद्रभान कर, आईच्या माणिकबाईचं जयवंता. दोनदा तपास. आईच्या हाती पाकीट पडू देऊ नकोस.
माझ्यावर रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
तुझा नितेश

अमरावती, ८ जुलै
चि. नितेश,
अ. आ.
शनिवारी मी हार घेऊन बाजारात होते. पाकीट आईनं घेतलं, तुझं अक्षर ओळखलं आणि शेजारच्या वर्षालीकडून वाचून घेतलं. त्या पोरीनं नेमकं विहिरीचं पान काढलं. मी आले तर आईचं कपाळ पुसलेलं, बांगड्यांचे तुकडे परातीत. सिनेमा आहे म्हणून किती सांगितलं! ती म्हणते, माहा नितेश खात्री केल्याबिगर कागदावर काही उतरवत नाही. फोनवर कोणीही खोटं बोलते, मले त्याचं लेखी पाहिजे.
लवकर लिही. आमची आठवण असू दे.
सीमा

अकोला, १० जुलै
ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.
‘सौ.’ मी विचार करून लिहिलं आहे. बाबांचं मला काहीही कळलेलं नाही. ती विहीर कुठेच नाही. टेबलावर बसून मी ती रचली. त्या पानांची माझ्याकडची प्रत फाडली आणि दिग्दर्शकांना नाही म्हणून कळवलं. त्यांनी दुसरा लेखक घेतला. आई, कुंकू लाव. हात जोडतो.
तुझ्या मायेचा भुकेला,
नितेश

अमरावती, १३ जुलै
चि. नितेश,
अ. आ.
तुझं पत्र आईला तीनदा वाचून दाखवलं. तुला काही ठाऊक नाही, हे तिला पटलं. पण कपाळ पुसलं त्या दिवशी नऊ वर्षांत पहिल्यांदा ती दाराची कडी लावून निजली. आता पुन्हा कडी काढून निजायचं तिच्यात बळ नाही, म्हणते. गुरुवारी कणकेचा पुतळा करून बाबांचे विधी धरले आहेत. आई त्यासाठी गहू निवडत बसली आहे. अग्नी तुलाच द्यावा लागेल. बुधवारीच ये.
आईचा तुझ्यावर राग नाही.
सीमा