एकेचाळीस नंबरचा ठिपका

३ तारीख, सकाळी १०
आजपासून तुरुंगातल्या प्रत्येक कैद्याच्या मनगटावर पट्टा. माझ्या स्क्रीनवर प्रत्येकाचा हिरवा ठिपका. त्रास झाला तर पट्ट्याचं बटण दाबायचं, इथे बीप. आयडिया अर्थात माझी. संकल्प: बराकीतल्या फेऱ्या बंद. हवालदार म्हणाला, साहेब, ठिपक्याचा खोकला ऐकू येणार का? जुन्या वळणाचा माणूस, चालायचंच.

५ तारीख
दिवसभर बीप. एकाला साबण हवा, एकाला किती वाजले ते विचारायचंय. डोकं उठलं. आवाज बंद केला. तात्पुरता.

९ तारीख, दुपारी ४
वरच्या साहेबांना डेमो. झकास! नमुना म्हणून एकेचाळीस नंबर दाखवला. म्हातारा कैदी, सगळे आजोबा म्हणतात. दोन तास जागचा हललेला नाही. म्हटलं, ही शिस्त! टाळ्या पडल्या.

९ तारीख, संध्याकाळी ६
आजोबा गेले. हवालदाराला सापडले, माझा हुकूम मोडून फेरीला गेला होता. हार्ट, डॉक्टर म्हणाले. त्याला मी काय करणार? जागा मात्र सिस्टीमने अचूक दाखवली. तसं रिपोर्टात लिहिलं.

११ तारीख
एकेचाळीस अजून हिरवा. आणि फिरतोय! कंपनीला फोन केला. म्हणाले, सिस्टीम चुकत नाही. हे मीच सगळ्यांना सांगत आलोय.

१२ तारीख, दुपार
त्याचा कालचा रस्ता काढून पाहिला. कँटीन, बाथरूम, माझी केबिन. मी गेलो तिथे तिथे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. खुर्ची भिंतीला टेकवून घेतली, ती पाठदुखीसाठी. बायको म्हणाली, सारखे मागे वळून काय बघता?

१३ तारीख
ठिपका थेट माझ्या खुर्चीवर. हवालदाराला हाक मारली. त्याने माझ्या कोटाच्या खिशाकडे बोट दाखवलं. आजोबांचा पट्टा! कंपनीला परत द्यायला मीच काढून ठेवला होता. हुश्श! पोट धरून हसलो. हवालदार हसला नाही. म्हणाला, आता बटणाची नोंदही बघा.
बघितली. नऊ तारीख, दुपारी दोनपासून सात वेळा दाबलंय. शेवटचं पावणेचारला. टाळ्या तेव्हाच पडत होत्या.
लाज वाटली. जेवण गेलं नाही.

१४ तारीख, सकाळी ११
आवाज फुल्ल केलाय. आठपासून कान लावून बसलोय. एकही बीप नाही. हवालदाराला विचारलं, सगळे ठीक आहेत ना?
म्हणाला, बटण कोणी दाबत नाही आता, साहेब. मला हाका मारतात.