मुकादमाला दुधी टाकला आहे

प्रिय दिगू,

आज रविवार. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत आणि मी दारापुढच्या ओट्यावर बसून तुला पत्र लिहिते आहे. तू गेल्याला तीन महिने झाले, इतक्या दिवसांत हातात पेन धरवलं नाही. आज धरलं, कारण हाताला काही काम दिलं नाही तर मी आत जाईन आणि फिशटँकवरचा टॉवेल उचलीन. आणि तो दोन वाजेपर्यंत उचलायचा नाही!

तुझा मुकादम अकरा दिवस जेवलेला नाही रे. पोट पार खपाटीला गेलंय त्याचं.

तुला आठवतं, तू तो बिरवाडीच्या खोलीवर आणलास तेव्हा बोटाएवढा होता? काळा, कवचासारख्या पाठीचा, तोंड पोटाकडे वळलेलं, सदानकदा तळाशी पडलेला. दुकानदाराने सांगितलं होतं, हा सकर मासा, बाकीच्यांची घाण खाऊन जगतो, याला वेगळं काही घालायला लागत नाही. तू मात्र त्याला दुधी घालायला लागलास. मी किती हसले होते! सुकटीशिवाय ज्यांचा घास उतरत नाही अशा आपल्या घरात सात पिढ्यांनी एक माळकरी निघाला, तोही मासा! तू चिडलास. म्हणालास, "हसतेस काय गो ताय? घाण खाऊन कोण जगतंय? त्याला पन ताजा लागतंय."

कंपनीतून दमून आल्यावर स्वतःसाठी वडापाव आणायचास आणि माशासाठी दुधी चिरत बसायचास. यावरून मी तुला किती बोलले. ते बोलायला नको होतं.

तुझा खोलीतला जोडीदार, शिवथरचा अशोक, त्याला आता दुसरीकडे नोकरी लागली. खोली सोडायची म्हणून त्याचा फोन आला, "ताई, बारके मासे शेजारच्या पोरांना दिले. ह्या मुकादमाचं काय करू?" मी विचार न करता म्हटलं, कुणाला देऊ नकोस, मी येते. बिरवाडीपासून पोलादपूरपर्यंत रिक्षात, रंगाच्या जुन्या बादलीत त्याला घालून, बादली मांडीवर घेऊन बसले. प्रत्येक खड्ड्याला पाणी माझ्या साडीवर, आणि प्रत्येक खड्ड्याला मी झाकण उघडून बघायची, आहे ना जिवंत? रिक्षावाला म्हणाला, "बाई, इतकी काय राखताय? कालवण करायचाय ना?" मी बादली आणखी जवळ ओढली.

टाकी मधल्या खोलीत ठेवली आहे. तू शेवटी जिथे झोपायचास त्या खाटेशेजारी, खिडकीशी. पहिल्या दिवशीच तो तुझ्या त्या नारळाच्या करवंटीत घुसला. शेपटी तेवढी बाहेर.

मी काय काय नाही केलं! दुधी घातला, काकडी घातली, शिराळं घातलं, पालक उकडून घातला. लाल भोपळासुद्धा. काप तरंगतात म्हणून दोरीने दगड बांधले. तो बाहेर येईना म्हणून झाऱ्याच्या दांड्याने काप करवंटीच्या तोंडाशी सरकवला. तो आणखी आत. मग मी मोबाईलची बॅटरी लावून बघत बसायची, निदान तोंड तरी लावतोय का. शाळेतून आले की पर्ससुद्धा खाली न ठेवता आधी टाकीशी. तुझे भावजी परवा म्हणाले, "मास्तरीणबाई, मासा आहे तो. पाचवीचा वर्ग नाही, डोक्यावर उभं राहायला." मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

आणि तू तरी कसा रे? गॅसची टाकी कधी लावली ते कॅलेंडरवर लिहून ठेवणारा माणूस तू, मुकादम कसा जेवतो एवढं एका चिठोऱ्यावर लिहून ठेवता आलं नाही तुला? सगळं डोक्यात घेऊन गेलास. डोळे पिवळे झाले तेही पंधरा दिवस कुणाला सांगितलं नाहीस. काळे गॉगल लावून फिरत होतास म्हणे!

थांब. टाकीतला हवेचा पंप बंद झाल्यासारखा वाटला.

उठून दारापर्यंत जाऊन आले. चालू आहे. रस्त्यावरून ट्रक गेला, त्यात ऐकू आला नाही. आत नाही गेले, शपथ. उंबऱ्याशीच कान लावला.

तर काल शेवटी अशोकला फोन केला. लाज सोडून विचारलं, अरे, दिगू दुधी नेमका कसा घालायचा? तो म्हणाला, "जाडसा काप, मीठ न घालता उकळत्या पाण्यात दोन मिंटं. थंड झाला की स्टीलच्या काट्याला टोचायचा, म्हंजे तळाला बसतो. उरला तर दुसऱ्या दिवशी काढायचा, नायतर पाणी सडतंय." मी म्हटलं, तेवढं तर मीही करते. काटा नाही, दगड बांधते इतकंच. मग तो का खात नाही? अशोक म्हणाला, "ताई, तुमी टाकल्यावर कुठं असता?"

मी म्हटलं, "तिथेच. टाकीसमोर."

"मंग कसा खाईल? दिगूभाऊ टाकीला टॉवेल गुंडाळून ड्युटीला निघून जायचा. खोलीत कोन नसायचाच. उजेड आन माणूस असला तर तो बाहेरच येत नाय. तुमी दहाला टाका, दोनपर्यंत त्या खोलीत पाय ठेवू नका. टॉवेल उचलून पन बघायचा नाय."

फोन ठेवला आणि मी तशीच तुझ्या रिकाम्या खाटेवर बसून राहिले. कारण हे मला आधीही कुणीतरी सांगितलं होतं, दिगू. तू सांगितलं होतंस.

कावीळ वाढून यकृत खराब झाल्यावर दीड महिना तू या खोलीत होतास. मी पेज करायची, मुगाची खिचडी करायची, पथ्याचा दुधी नुसता उकडून द्यायची, आणि ताट तुझ्या मांडीवर ठेवून समोर स्टूल घेऊन बसायची. तुझे घास मोजायची. "हा एक. अजून एक. माझ्यासाठी एक." मुंबईच्या दवाखान्यात न्यायच्या आदल्या दुपारी तू घास हातात धरून माझ्याकडे बघितलंस. अगदी हळू म्हणालास, "ताय, तू जरा भायेर जा गो. मी खातो."

आणि मी काय म्हणाले? "बाहेर गेले की मांजराला घालशील. ओळखते मी तुला."

मी हलले नाही. तू दोन घास कसेबसे गिळलेस आणि ताट बाजूला ठेवलंस. या घरातलं तुझं ते शेवटचं जेवण. मला वाटत होतं, मी नजर काढली तर काहीतरी होईल. भीती वाटत होती रे, दुसरं काही नाही. तुझ्यावर विश्वास नव्हता असं नाही.

एक वाजून पन्नास मिनिटं. दहा मिनिटं आधी चालेल का? नाही, नको.

दोन वाजून पाच मिनिटं. दोन वाजले तरी मी इथेच बसले आहे. काप जसाच्या तसा असला तर?

गेले शेवटी. टॉवेल उचलला. दिगू, खाल्लाय! मधला सगळा गर गेलाय, बिया गेल्यात, काट्याभोवती नुसती सालीची हिरवी कड उरली आहे. आणि मुकादम करवंटीच्या बाहेर, काचेला तोंड चिकटवून, निवांत!

मी टाळी वाजवली. ह्यांना हाक मारली. आणि हाक अर्धी असतानाच रडू फुटलं. मी चार तास बाहेर बसले तर तो जेवला. म्हणजे तूही जेवला असतास. माझ्याकडे मागून मागून तू काय मागितलंस, तर दाराबाहेर जा. तेवढंही मी दिलं नाही तुला.

आता वचन देते. मुकादमाला एक दिवसाआड दुधी टाकीन, टॉवेल गुंडाळीन आणि बाहेर येईन. काळजी करायची राहणार नाही मी, तो स्वभाव काही जायचा नाही. पण ती इथे ओट्यावर बसून करीन. यापुढे कुणीही मला बाहेर जा म्हणालं, तर का म्हणून विचारणार नाही. उठेन आणि दार ओढून घेईन.

तुझीच,
ताई